न टेकलेला चौथा पाय

मी एक कूलर. उन्हाळ्यात खोलीत ठेवतात तो मोठा कूलर नव्हे. संगणकाच्या पोटात, प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो तो. तळहाताएवढा माझा पसारा. मधे तांब्याचा गोल ठोकळा, त्याच्याभोवती सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारख्या ॲल्युमिनियमच्या पात्या, वर पंखा आणि चार कोपऱ्यांना प्लास्टिकचे चार पाय. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. तो काम करू लागला की तापतो. त्याचा ताप मी अंगावर घेतो आणि वाऱ्यावर सोडून देतो. याखेरीज मला दुसरं काम नाही.

या कामाला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे टेकणं. माझा तळ प्रोसेसरला सगळीकडून घट्ट टेकला पाहिजे. मधे केसाएवढी फट राहिली तरी ताप तिथेच अडून बसतो आणि मी वर कितीही जोरात फिरलो तरी उपयोग शून्य. म्हणून प्रोसेसर ज्या बोर्डावर असतो त्याच्या चार भोकांत माझे चार पाय दाबून बसवायचे असतात. पाय बसला की टक असा आवाज येतो. चार पाय, चार टक. माझ्या वाट्याला तीनच आले.

जन्म माझा पूर्वेकडच्या एका कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका बाईने मला उजेडापुढे तिरपं धरून माझा तळ पाहिला, सपाट आहे अशी खात्री करून घेतली आणि त्यावर राखाडी पेस्टच्या तीन पट्ट्या ओढल्या. दोन धातू एकमेकांना टेकले तरी मधे बारीक खळगे राहतात, ते या पेस्टने बुजतात. मग ज्याच्या डोक्यावर बसायचं त्या प्रोसेसरबरोबर एकाच खोक्यात मला घातलं. जहाजातून, मग ट्रकमधून प्रवास करून आम्ही डॅन्यूब नदीच्या काठी, रूसे शहरातल्या एका दुकानाच्या फळीवर येऊन पडलो.

तिथून मला झोराने घेतलं. तिचं पूर्ण नाव झोर्नित्सा, पण इतक्या लांब नावाने तिला फक्त सरकारी कचेरीत आणि कामाच्या ठिकाणीच हाक मारायचे. वय एकतीस. ती आठ वर्षं राजधानीत, सोफियाला ताशेव्ह नावाच्या माणसाच्या कचेरीत कामाला होती. अजून बांधायच्या असलेल्या खोल्यांची चित्रं संगणकावर काढणं हे तिचं काम. स्वयंपाकघर, हॉटेलची खोली, दवाखान्याची बैठक, जे सांगाल ते. खिडकीतून सकाळचं ऊन कुठपर्यंत येईल आणि त्या उन्हात फरशी कशी चमकेल, इथपर्यंत ती दाखवायची. चित्र पाहून गिऱ्हाईक म्हणायचं, बांधा.

त्या वसंतात तिच्या आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही दोन-चार शब्दांवर आलं. थोरली बहीण रुमियाना रूसेमध्येच होती, पण तिला दोन मुलं आणि औषधाच्या दुकानातली दिवसभराची नोकरी. तेव्हा झोरा सोफियाचं बिऱ्हाड मोडून आईच्या दोन खोल्यांत परत आली. ताशेव्ह साहेबांनी तिला घरून काम करायची मुभा दिली. अट एकच घातली: ठरल्या दिवशी चित्र हातात पडलं पाहिजे. त्यासाठी घरी दणकट संगणक हवा होता.

"बाहेर कशाला करून घेतेस? मी आहे ना," असं म्हणत तिचे भाऊजी पुढे झाले. क्रासिमिर त्यांचं नाव. ते घरोघरी इंटरनेटच्या तारा टाकणाऱ्या एका कंपनीत होते, आणि तेवढ्यावर सगळं नातंगोतं त्यांना इंजिनियर म्हणायचं. माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. झोराच्या आईला पहिला झटका आला त्या दिवशी इमारतीची लिफ्ट बंद होती, तर या माणसाने म्हातारीला पाचव्या मजल्यावरून दोन्ही हातांवर उचलून खाली नेलं होतं. पण 'मला जमलं नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडातून कधी निघाले नव्हते. ते निघाले तर आभाळ कोसळेल असं त्यांना वाटत असावं.

सगळे सुटे भाग रुमियानाच्या घरी नेले. दिवस होता सेंट दिमितारचा. दोघी बहिणींच्या वारलेल्या वडिलांचं तेच नाव, म्हणून त्या दिवशी सगळे एकत्र जेवत. स्वयंपाकघरातून भाजलेल्या कोंबडीचा आणि चीज भरलेल्या बनित्साचा वास येत होता. क्रासिमिरनी आधी बोर्ड संगणकाच्या पेटीत स्क्रूंनी पक्का केला आणि मग मला हातात घेतलं. खरं म्हणजे उलट करतात. मला आधी बसवायचं, बोर्डाला खालून हात द्यायचा, आणि मग सगळं पेटीत घालायचं. पेटीत हात पुरत नाही, जोर तिरपा पडतो.

पहिला पाय बसला, दुसरा बसला, तिसराही बसला. चौथा, म्हणजे वरचा उजवा, भोकात शिरेना. त्यांनी अंगठ्याने रेटलं. पायाच्या टोकाला दोन प्लास्टिकच्या पाकळ्या असतात, त्यातली एक बाहेर दुमडली. मला उचलून त्यांनी वाकलेली पाकळी पकडीने सरळ करायला घेतली, तर ती अर्धी चिरली. त्यांनी ती चीर पाहिली. मी त्यांच्या तोंडासमोरच होतो. त्यांच्या कपाळावरचा घाम मला अजून आठवतो. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. दुकानं सणामुळे बंद होती. आतून रुमियाना म्हणाली की, सगळं गार होतंय, आता बस करा.

त्यांनी मला परत ठेवलं. तीन पाय आत बसले, चौथा नुसता भोकात टेकवला आणि वरून त्याची कळ फिरवून ठेवली, म्हणजे बघणाऱ्याला चारही सारखे दिसावेत. पेटी आडवी असताना माझा तोल दिसायला ठीक होता. झाकण लावून त्यांनी पेटी उभी केली आणि माझ्या वजनाने तो मोकळा कोपरा हळूच पुढे कलला. फट पडली. झाकणाआड ती कुणाला दिसणार?

"झालं," ते बाहेर येऊन म्हणाले. सगळ्यांनी पेले उचलले. झोराने त्यांच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, की भाऊजी नसते तर माझं काही खरं नव्हतं.

पहिला आठवडा बरा गेला, कारण काम हलकं होतं. मग ताशेव्ह साहेबांकडून दवाखान्याच्या बैठकीचं काम आलं. चित्र पूर्ण करायचं म्हणजे प्रोसेसरला तासन् तास जिवाच्या आकांताने हिशेब करावे लागतात. पाचव्या मिनिटाला माझ्या तळाखाली आग पेटल्यासारखं झालं. मला ती पोचत होती अर्ध्याच अंगाने. उरलेल्या अर्ध्या अंगाला काही टेकतच नव्हतं. मी पूर्ण वेगाने फिरू लागलो. बिचाऱ्या प्रोसेसरने आधी कामाचा वेग कमी केला, आणि तरी ताप उतरेना तेव्हा स्वतःला वाचवायला सगळं बंद करून टाकलं. पडदा काळा झाला. दोन तासांचं काम गेलं.

झोराने भाऊजींना फोन केला. त्यांनी विचारलं की पेटी कुठे ठेवली आहेस. ती म्हणाली, खिडकीखाली. "मग तिथे हीटर आहे ना! यंत्राला काय चटके देतेस?" तिने पेटी दुसऱ्या भिंतीला नेली. पुन्हा तेच झालं. मग घरातल्या मांजराच्या केसांचं निघालं. मांजर खालच्या मजल्यावर दिलं. आई त्या मांजरासाठी दोन दिवस दाराकडे बघत राहिली. मग झोरानेच इंटरनेटवरून नको ते काहीतरी उतरवून घेतलं असेल असं ठरलं. मग धुळीवर आलं. शेवटी तर ते रुमियानाला म्हणाले, आणि तिने ते झोराला जसंच्या तसं सांगितलं, की काही माणसांच्या हातालाच यंत्र लाभत नाही.

मी माणसांबद्दल एक गोष्ट तेव्हा शिकलो. वस्तू बिघडली की माणसं ती बनवणाऱ्याकडे फार थोडा वेळ बघतात. मग त्यांची नजर वापरणाऱ्याकडे वळते आणि तिथेच राहते. आणि वापरणाऱ्याला ते रोज ऐकून हळूहळू खरं वाटू लागतं. झोरा पेटीजवळ येताना दबकत येऊ लागली. बटण दाबायच्या आधी ती दोन क्षण हात मागे घ्यायची, जणू तिच्याच बोटात काही दोष आहे. माझी घरघर सुरू झाली की तिची मान खांद्यात जायची. मला ओरडून सांगायचं होतं. मी ओरडतच होतो, पण माझ्या ओरडण्याला सगळे आवाज म्हणत.

जानेवारीत क्रासिमिर पेटी तपासायला म्हणून घरी घेऊन गेले. आठवडाभर मी त्यांच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पडून होतो. एका संध्याकाळी त्यांनी झाकण काढलं, बॅटरी धरली आणि त्या चौथ्या पायाकडे बघत राहिले. बोटाने त्यांनी मला किंचित हलवलं. मी हललो. शेजारच्या खोलीत मुलांचा अभ्यास चालला होता. मला वाटलं, आता होईल. पाय काही दुर्मीळ वस्तू नव्हती, दुकानात मिळत होती. पण नवा पाय आणायचा म्हणजे जुना मोडलेला होता हे सांगायचं. ऑक्टोबरपासून मोडलेला होता, दोष हीटरचा नव्हता, मांजराचा नव्हता, हे सगळं सांगायचं. त्यांनी झाकण लावलं, पेटी बाहेरून पुसली आणि रविवारी परत आणून दिली. आतलं सगळं नीट केलंय म्हणाले.

त्या आठवड्यात झोराचं एक काम गेलं. ताशेव्ह साहेब फोनवर म्हणाले, "झोर्नित्सा, सगळ्यांचे संगणक गुरुवारीच का बिघडतात हो? शुक्रवारी काम द्यायचं असतं म्हणून?"

मार्चमध्ये बुर्गासच्या हॉटेलचं काम आलं. समुद्रावरचं मोठं हॉटेल, बेचाळीस खोल्या. हे नीट केलंत तर वर्षभराची चिंता मिटेल असं ताशेव्ह म्हणाले होते, आणि नाही केलंत तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. झोराने जिवाचं रान केलं. ती प्रत्येक चित्राचे तुकडे करायची, दहा मिनिटं काम, वीस मिनिटं मला गार व्हायला. थंडीत खिडकी उघडी ठेवून, अंगावर कोट घालून ती बसायची. आईच्या खोलीचं दार मात्र लावून घ्यायची. तरी शेवटच्या दोन दिवसांत संगणक अकरा वेळा बंद पडला. सव्वीस खोल्या झाल्या, सोळा राहिल्या.

शुक्रवारी सकाळी फोन आला तेव्हा क्रासिमिर तिथेच होते. आईची औषधं पोचवायला आले होते. झोराने साहेबांना सगळं सांगितलं. पलीकडून ते म्हणाले की गेले चार महिने मी हीच गोष्ट ऐकतोय, यंत्राची माहिती असलेला कुणी माणूस तुमच्याकडे आहे का, त्याच्याशी मला बोलू द्या. खरंच बिघाड असेल तर मी गिऱ्हाइकाकडून आठवडा मागून घेतो.

झोराचा चेहरा उजळला. तिने फोन भाऊजींपुढे धरला. "सांगा ना भाऊजी. तुम्हीच जोडलाय, तुम्हीच तपासलाय. बंद पडतो एवढंच सांगा."

क्रासिमिरनी फोन घेतला. ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. पलीकडचा प्रश्न मलाही ऐकू आला: यंत्रात दोष आहे का?

त्यांनी माझ्याकडे, म्हणजे पेटीकडे, पाहिलं. मग म्हणाले, "यंत्रात काही दोष नाही, साहेब. मी स्वतः तपासलंय."

फोन तिच्या हातात परत देऊन ते आईच्या खोलीत औषधं ठेवायला गेले. झोरा फोन कानाला लावून ऐकत होती. ताशेव्ह साहेब चढ्या आवाजात बोललेच नाहीत. चूक झाली तर मी समजून घेतो, पण खोटं बोलणाऱ्या माणसाबरोबर काम करता येत नाही, एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"असं का सांगितलंत?" तिने भाऊजींना दारात गाठून विचारलं.

"मग काय सांगू? मी जोडलेलं यंत्र भंगार आहे म्हणून?" कोटाची बटणं लावत ते म्हणाले. "तू वेळेत सुरुवात करत नाहीस, झोरा. तुझी ताई पण तेच म्हणते."

पंधरा दिवसांनी मेतोदीकाका वर आले. ते खालच्या मजल्यावर राहायचे. झोराचं मांजर त्यांच्याचकडे होतं. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती, आणि कारखाना बंद पडल्यावर इमारतीतल्या लोकांचे नळ आणि कुलपं दुरुस्त करत होते. आईच्या चालायच्या आधाराचं एक चाक अडत होतं, ते बघायला ते आले होते. मी शेजारच्या खोलीत गुरगुरत होतो. झोरा कामासाठी अर्ज लिहीत होती, तेवढ्यानेही आता मी तापायचो.

काकांनी विचारलं की हे काय विव्हळतंय. झोरा म्हणाली, कूलर आहे, माझ्या हाताला यंत्र लाभत नाही. काकांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"हात कुणाचा लाभतो न लाभतो ते लग्नात बघतात, पोरी. उघड ते."

मी कॉम्प्युटरवाला नाही हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं. कशाने काय होतं ते त्यांनी तिच्याकडून समजून घेतलं: हा तापतो, हा त्याचा ताप ओढतो. मग त्यांनी एक बोट माझ्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवलं आणि दाबलं. मी हललो. त्यांनी बोट काढलं, पुन्हा दाबलं, मी पुन्हा हललो. सहा महिन्यांत मला कुणी इतक्या हळुवारपणे काही विचारलं नव्हतं.

"हा बसलेलाच नाहीये," ते म्हणाले.

स्वयंपाकघराच्या टेबलावर मेणकापड अंथरून त्यांनी सगळा बोर्ड बाहेर काढला. निघालेले स्क्रू ल्युतेनित्सा चटणीच्या रिकाम्या बरणीत ठेवले. आई तिच्या खुर्चीतून बघत होती. त्यांनी मला उचलून उलटं केलं आणि उजेडापुढे तिरपं धरलं. एका बाजूला पेस्ट दबून, वाळून पापुद्र्यासारखी झाली होती. दुसऱ्या बाजूला कारखान्यातल्या त्या राखाडी पट्ट्या जशा ओढल्या तशाच होत्या, कडाही मोडलेल्या नव्हत्या.

"हे बघ. ही बाजू कधी टेकलीच नाही. पहिल्या दिवसापासून." मग त्यांनी चौथा पाय निरखला, खिशातून भिंग काढून पुन्हा निरखला. "हा मोडून पडलेला नाही, झोरा. यावर पकडीचे दात उमटलेत. कुणीतरी सरळ करायला गेलं होतं."

"म्हणजे ज्याने बसवलं..." ती म्हणाली आणि थांबली.

"त्याला ठाऊक होतं," काकांनी वाक्य पुरं केलं.

झोराने आईच्या इंजेक्शनसाठी ठेवलेलं स्पिरिट आणि कापूस आणला. काकांनी माझा तळ आणि प्रोसेसरचं डोकं आरशासारखं होईपर्यंत पुसलं. मग ते खाली गेले आणि आपल्या डब्यांतून चार बारीक स्क्रू, नट आणि चकत्या घेऊन आले. प्लास्टिकच्या पायांवर माझा भरवसा नाही म्हणाले, आणि चारही काढून टाकले. झोरा कोपऱ्यावरच्या दुकानातून पेस्टची नळी घेऊन आली. मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली, मला वरून सरळ खाली टेकवलं आणि स्क्रू फिरवायला घेतले. एक अर्धा फेरा, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्याचा अर्धा, मग तिसरा, मग त्याच्या समोरचा. घाई नाही. माझा तळ सगळ्या बाजूंनी सारखा उतरत गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण टेकलो. ते सुख मला शब्दांत सांगता येणार नाही.

झोराने बुर्गासच्या हॉटेलची सगळ्यात अवघड खोली उघडली आणि काम सुरू केलं. पडद्याच्या कोपऱ्यात ताप दाखवणारा आकडा होता, एरवी तो पाच मिनिटांत अठ्ठ्याण्णवला जायचा. तो पन्नासला आला, अठ्ठावन्नला आला आणि तिथेच थांबला. ते तिघेही त्या आकड्याकडे बघत होते. तीन तासांनी चित्र पूर्ण झालं तेव्हा काका आईला चमच्याने सूप भरवत होते.

उरलेल्या सोळाही खोल्या तिने चार दिवसांत संपवल्या आणि ताशेव्ह साहेबांना पाठवल्या. मोडक्या पायाचा फोटोही पाठवला. त्यांचं तीन ओळींचं उत्तर आलं. चित्रं उत्तम आहेत. तुमची जागा भरली आहे. आईला माझा नमस्कार सांगा.

ईस्टरला सगळे रुमियानाकडे जमले. टेबलावर लाल अंडी होती, गोड पाव होता. झोराने पर्समधून तो चिरलेला पाय काढला आणि भाऊजींच्या ताटाशेजारी ठेवला. मी तिथे नव्हतो; पण परत आल्यावर तिने हे सगळं काकांना सांगितलं, तेव्हा मी शेजारीच होतो.

ती भांडली नाही. भाऊजी, मोडलाय एवढं म्हणाला असतात तर मी दुसऱ्या दिवशी नवा आणला असता, असं ती म्हणाली. क्रासिमिरनी तो तुकडा उचलला नाही. त्या दिवशी दुकान बंद होतं म्हणाले. मग म्हणाले की तीन पायांवरही काम चालतं, हजारो लोकांचं चालतं. रुमियानाला आधी काही कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा ती बहिणीवरच उसळली.

"एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी सणाच्या दिवशी माझ्या घरात आग लावायला आलीस?"

"आग सहा महिने लागलीच होती, ताई," झोरा म्हणाली. "चटके मला बसत होते म्हणून तुला दिसली नाही."

त्यानंतर दोघी बहिणी आईच्या औषधांपुरत्याच बोलू लागल्या.

रूसेमध्ये झोराच्या कामाला गिऱ्हाईक नव्हतं. सोफियातल्या दोन कचेऱ्यांनी ताशेव्हकडे चौकशी केली आणि पुन्हा फोन केला नाही. सप्टेंबरमध्ये ती जर्मनीला गेली. उल्मजवळच्या एका खेड्यात एका म्हातारीला सांभाळायचं काम मिळालं. तिला उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, रात्री कूस बदलायची. त्या म्हातारीचीही उजवी बाजू गेलेली आहे. स्वतःच्या आईसाठी जे ती करत होती तेच, फक्त दुसऱ्याच्या आईचं. आईला तिने रुमियानाच्या हवाली केलं आणि आईबरोबर मलाही पाठवलं, म्हणजे पडद्यावर तरी भेट होईल.

आता मी क्रासिमिरच्या दिवाणखान्यात आहे. चार वर्षं झाली. काकांचे स्क्रू तसूभरही हललेले नाहीत. मी इतका शांत चालतो की पाहुणे विचारतात, संगणक चालू आहे की बंद? तेव्हा क्रासिमिर म्हणतात की मी घरी जोडलाय, बाजारात असा मिळत नाही. रुमियाना त्या वेळी उठून स्वयंपाकघरात जाते.

दर रविवारी जेवणानंतर आईची खुर्ची पडद्यासमोर आणतात. झोरा दिसते. मागे ती जर्मन म्हातारी स्वच्छ स्वेटर घालून बसलेली असते. आईला आता एकच प्रश्न विचारता येतो, जेवलीस का. झोरा हो म्हणते. आई पुन्हा विचारते. झोरा पुन्हा हो म्हणते.

गेल्या शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना क्रासिमिरनी माझं झाकण काढलं. कारण काहीच नव्हतं. त्यांनी चष्मा लावला आणि चारही स्क्रूंवर एकेक करून बोट ठेवलं. मला हलवून पाहिलं. मी हललो नाही. ते जमिनीवर तसेच बसून राहिले. मग मऊ ब्रशने त्यांनी माझ्या पात्यांमधली धूळ काढली, एकेक पाकळी, फार जपून. रुमियाना आली आणि काय करताय म्हणाली. धूळ काढतोय, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईचं विचारून झालं, आणि एरवी त्या वेळी बाल्कनीत सिगारेट ओढायला जाणारे क्रासिमिर खुर्चीमागे येऊन उभे राहिले. झोराने त्यांच्याकडे पाहिलं. पडद्यावरचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. त्यांचे ओठ दोनदा हलले. मी माझा पंखा होईल तेवढा हळू केला.

"तिकडे थंडी आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे," झोरा म्हणाली.

ते बाल्कनीत गेले.

माझं आता बरं चाललंय, माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. पण तुमच्या घरात एखादं यंत्र विव्हळत असेल, तर ते वापरणाऱ्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी झाकण काढा आणि एक बोट ठेवून पाहा. आणि ते तुम्हीच बसवलेलं असेल, तर जरा लवकर पाहा.